शहापूर-मुरबाडची चिलीम

कसारा लोकलने आसनगावला उतरलं की समोर माहुलीचे सुळके उभे असतात. पाठीवर पिशव्या लावलेली पोरं तिकडे वळतात, बाकीची मंडळी रिक्षात कोंबून घेऊन शहापूरला जातात. मी रिक्षातल्या गर्दीत शिरलो. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड तिकडे गेले आणि ठाण्याच्या वाट्याला डोंगर, रान आणि आदिवासी पाडे म्हणून मुख्यतः शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके उरले. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी ही इथली वस्ती. यांच्या आजोबांच्या हातात जी चिलीम असायची, ती घडवणारा कुंभार अजून कुठे बसतो का, हे मला पाहायचं होतं. पौष पौर्णिमेची म्हशाची जत्रा तोंडावर आली होती, तोच मुहूर्त धरला.

पाइप म्हटला की आपल्याला साहेबाच्या तोंडातला वाकडा लाकडी पाइप आठवतो. तो भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळावरच्या गाठीतून कोरतात, कारण ती गाठ सहसा जळत नाही. आपला पाइप म्हणजे चिलीम, मातीची आणि सरळसोट. दहा ते चौदा सेंटिमीटरचं नरसाळं म्हणा ना: वर रुंद तोंड, खाली निमुळती नळी. तोंडात तंबाखू आणि तिच्यावर उघडा निखारा, म्हणून ती आडवी धरून चालत नाही.

तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आली. अकबराचा असद बेग नावाचा सरदार विजापूरला वकिलातीवर गेला होता. परतताना, १६०४-०५ च्या सुमारास, त्याने तिथली तंबाखू आणि ती ओढायची उंची नळी बादशहापुढे नेऊन ठेवली. म्हणजे मोगल दरबाराला ही चटक लावली ती दख्खनने. जहांगीरने १६१७ मध्ये बंदी घातली, तिचं पुढे काय झालं ते सांगायला नको. दरबारात हुक्का फिरू लागला, वाड्यांत गुडगुडी आणि शेताच्या बांधावर चिलीम. हुक्क्याला धातूकाम करणारा लागतो, नळी गुंडाळणारा लागतो. चिलमीला गावचा कुंभार पुरतो. आणि गंमत म्हणजे हुक्क्याच्या डोक्यावर निखारे ठेवायचं जे भांडं असतं तेही मातीचंच, त्यालाही चिलीमच म्हणतात. नबाब असो की गडी, विस्तव कुंभाराच्या मातीतच.

शहापूरहून किन्हवलीचा रस्ता भातखाचरांमधून जातो. भात झोडून झालेलं, खळ्यांच्या कडेला पेंढ्याच्या गंजी, मधूनमधून मोहाची आणि सागाची झाडं. याच तालुक्यात तानसा, वैतरणा, भातसाची धरणं. तानसाचं पाणी तर १८९२ पासून मुंबईला जातं आहे. धरणांच्या आसपासच्या पाड्यांवर मात्र उन्हाळा लागला की बायका हंडे घेऊन विहिरी धुंडाळतात. हा विषय इथे लांबवत नाही, पण कुंभाराच्या धंद्याशी त्याचा संबंध आहे. पाणी दुरून आणायचं असेल तर ते गार राहायला माठ लागतो, आणि चैत्र-वैशाखात माठ विकले जातात म्हणून इथला कुंभार अजून चाक फिरवतो.

रस्त्यापासून आत, एका गावाच्या कडेला कुंभारांची चार-दोन घरं. त्यातल्या एका अंगणात सत्तरी उलटलेले एक बाबा पाय पसरून माती तुडवत होते. मी कशासाठी आलो ते सांगितल्यावर आधी हसले.

“चिलीम? तिला बघायला मुंबैवरनं आलाव? बसा दादा, माठ बघा. चिलीम काय, दोन चिमटीची चीज.”

कोकणातलं कुंभारकाम आठमाही. पावसाळ्यात काही वाळत नाही, आवा म्हणजे भांडी भाजायची भट्टी पेटत नाही. दिवाळीच्या पणत्यांपासून हंगाम सुरू होतो, संक्रांतीची सुगडं, उन्हाळ्याचे माठ, अक्षय्य तृतीयेचे करे, की मृगाला चाक भिंतीला. चिलमी या सगळ्याच्या फटीत व्हायच्या. गोळा उरला, दुपार उरली, की दहा-वीस चिलमी.

माती तळ्याच्या बुडातली, चिकण. नुसती चिकणमाती वाळताना तडकते, म्हणून तिच्यात चाळलेली राख आणि लीद कालवतात. लीद भाजताना जळून जाते आणि मातीत बारीक पोकळ्या ठेवते. माठाला त्या पाणी झिरपून गार व्हायला लागतात, चिलमीला धुरातला ओलावा आणि चिकटा शोषून घ्यायला. म्हणूनच जुनी चिलीम जड आणि काळीकुट्ट होते, आणि नवी ओढली की पहिल्या दिवशी नुसती मातीची चव लागते. ही माती आता मिळणं मुश्किल झालं आहे. भिवंडी-कल्याण-शहापूरच्या वीटभट्ट्यांना खाचरांची वरची माती हवी असते आणि शेतकऱ्याला तिचे रोख पैसे मिळतात. परंपरागत कुंभारांना सरकारी स्वामित्वधनात सवलत आहे, पण माती आधीच दुसऱ्याच्या ट्रॅक्टरमधून गेली असेल तर सवलत घ्यायची कशावर?

बाबांचं जुनं लाकडी चाक भिंतीला टेकवलेलं होतं. ते काठीने फिरवायचं. कडेच्या खळगीत काठी घालून गरगर फिरवायची, वेग आला की काठी बाजूला टाकायची आणि वेग मंदावायच्या आत भांडं उतरवायचं. आता विजेचं चाक आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभारांसाठी अशा चाकांची योजना चालवली आहे, काहींनी पदरचे पैसे घालून घेतली. विजेच्या चाकाने दंडाला आराम पडला हे बाबा कबूल करतात. पण लहान चिजांना त्याचा वेग जास्त होतो अशी त्यांची तक्रार, म्हणून चिलीम करताना ते बटण निम्म्यावर आणतात.

त्यांनी मोठा गोळा चाकावर मधोमध बसवला. माठाला अख्खा गोळा लागतो. पणती, सुगड, चिलीम मात्र एकाच गोळ्याच्या शेंड्यातून एकामागून एक काढत जायच्या. ओला अंगठा शेंड्यात रुतवला, बोटांनी माती वर उचलली, तोंड उमललं. इथपर्यंत सुगड आणि चिलीम सारखीच. मग दोन्ही हातांच्या बोटांनी त्यांनी खालचा भाग आवळायला घेतला. तो बारीक होत गेला, त्यात वरून बांबूची गुळगुळीत काडी सोडली, काडीभोवती माती आवळून घेतली, काडी चाकाच्या फेऱ्याबरोबर फिरवत अलगद ओढून काढली आणि बुडाशी दोरा लावून चिलीम छाटली. ओंजळीत घेऊन फळीवर उभी केली. हे सगळं व्हायला मला हे वाक्य लिहायला लागला त्याहून कमी वेळ लागला.

दोन चिमटीची चीज म्हणणारे बाबा भोकाच्या बाबतीत मात्र विलक्षण काटेकोर. चिलमीच्या गळ्याशी एक खडा टाकतात, तंबाखू आणि राख तोंडात येऊ नये म्हणून. भोक मोठं झालं तर खडा घसरतो. बारीक झालं तर ओढणाऱ्याचे गाल आत जातात आणि धूर येत नाही. त्यातून माती वाळताना आणि भाजताना साधारण दहावा हिस्सा आकसते, म्हणजे आज भोक जेवढं दिसतं तेवढं ते आव्यातून निघाल्यावर राहणार नाही. हा हिशेब बाबांच्या त्या बांबूच्या काडीत आहे. काडी त्यांच्या वडिलांची. ती हरवली तर दुसरी करता येईल का, असं मी विचारलं. “करू की, पन चार आवे वाया जातील,” म्हणाले. भिंतीचंही तसंच. जाड ठेवली तर हाताला चटका बसत नाही, पण वाळायला वेळ लागतो. एका बाजूने पातळ राहिली की तिथूनच तडकते, तीही निखारा वर असताना.

खडाही कसाही चालत नाही. गुळगुळीत गोल खडा बुचासारखा बसतो आणि वाट बंद होते. त्याला एक-दोन कोन हवेत, म्हणजे कडेने धूर निघतो. पूर्वी पोरं नदीच्या वाळूतून असे खडे वेचून आणत आणि कुंभार चिलमीबरोबर देत असे.

सावलीत वाळवून, मग ऊन दाखवून चिलमीला काव फासतात, गुळगुळीत गारेने घोटतात. आवा अंगणाच्या टोकाला. खाली गोवऱ्या आणि लाकडं, वर भांडी, त्यांच्यावर पेंढा आणि शेवटी राख-मातीचा लेप. चिलमींना आव्यात स्वतःची जागा नसते. माठांच्या फटीत आणि तोंडांत त्या खोचून देतात. आव्यात हवा खेळती राहिली तर माल तांबडा निघतो. शेवटी ओला पेंढा टाकून हवा कोंडली तर काळा. गावकऱ्यांना वाटतं काळी चिलीम वेगळ्या मातीची. माती तीच, कोंडमारा वेगळा.

माठ चाकावरून उतरला की तो थापटण्याने ठोकून फुगवावा लागतो. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण कच्चं, कोण पक्कं ते पारखलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ती कथा कुंभाराच्या घरात अजून सांगतात. चिलमीच्या अंगावर थापटणं पडत नाही. आव्यातून काढली की बाबा ती उलटी करून तोंडाला लावतात आणि जोरात फुंकतात. आवाज कानाला बरा वाटला तर टोपलीत, नाहीतर उकिरड्यावर.

“भाव काय घ्यायचा?”

“चिलमीचा भाव कोनी केलाच नाय. आमचा बा माठावर दोन चिलमी अशाच टाकायचा. बलुत्यात भात मिळायचा वर्साचा, त्यातच समदं आलं. माठ फुटला तं बाई वरडायची, चिलीम फुटली तं गडी. म्हनून दोघांना राजी ठेवायचं.”

बाबांनी स्वतः कधी ओढली नाही, निदान घरातल्या मावशींसमोर त्यांनी तसं सांगितलं. मावशी सुगडं रचत होत्या, त्या काही बोलल्या नाहीत.

ओढायची रीत मला पुढे एका पाड्यावर कळली. ठाकरवाडीतले एक म्हातारे आजोबा अजून चिलीम बाळगून आहेत, ओढतात क्वचित. आधी खडा, मग चोळलेली तंबाखू, वर चुलीतला इस्तू. नळीच्या टोकाला ओल्या फडक्याची घडी गुंडाळायची, ती छापी. धूर तिच्यातून थोडा गाळून, गार होऊन येतो. ओठ चिलमीला लावत नाहीत. दोन्ही हातांची मूठ करून बोटांच्या बेचक्यातून ओढतात. त्यामुळे चार माणसांत चिलीम फिरली तरी उष्टी होत नाही, असा समज. डॉक्टरांना विचाराल तर मूठ आणि छापी मिळूनही क्षयाचा जंतू अडत नाही.

या छापीमुळे मराठी माणसाला चिलीम चांगली परिचित आहे, तंबाखूला न शिवणाऱ्यालाही. धूपखेड्याचे चांद पाटील हरवलेली घोडी शोधत होते, तेव्हा आंब्याखाली बसलेल्या फकिराने चिमटा जमिनीत खुपसून निखारा काढला आणि सटका आपटून छापी भिजवायला पाणी काढलं, ही साईबाबांची कथा घरोघर माहीत आहे. शेगावच्या गजानन महाराजांनी जानकीराम सोनाराने विस्तव नाकारल्यावर चिलीम विस्तवाशिवाय पेटवून घेतली, ती अक्षय्य तृतीयेची कथाही तशीच. शहापूरवरून जाणाऱ्या महामार्गावरून दरवर्षी मुंबईच्या पायी पालख्या कसारा घाट चढून, सिन्नरवरून शिर्डीला जातात. त्या पालख्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल की साईबाबांच्या हातातली वस्तू कधीकाळी याच रस्त्याच्या कडेला घडत होती?

आणि चिलमीला मारलं तेही याच रस्त्याने. घाट चढून गेलं की सिन्नर, विड्यांचं गाव. नाशिकचं बी. वाय. के. महाविद्यालय ज्यांच्या नावाने आहे ते भिकुसा यमासा क्षत्रिय सिन्नरचे विडी कारखानदार. विडीला खडा नको, छापी नको, निखारा नको, कुंभारही नको. काडेपेटी आणि खिसा पुरतो. चिलीम बसून ओढावी लागते, विडी नांगरामागे चालताना ओढता येते. निपाणीकडची तंबाखू आणि टेंभुर्णीचं पान यांचं बंडल गावच्या दुकानात आल्यावर चिलमीचा निभाव लागणं शक्य नव्हतं. या रानात तर दुसरी सोयही होती. आपट्याचं पान विडीला चालतं. दसऱ्याला सोनं म्हणून लुटायचं तेच पान वाळवून ठाकर त्यात तंबाखू गुंडाळतात. गोव्यात अशीच फणसाच्या पानात गुंडाळलेली धुमटी होती. पान मिळालं की मातीचं ओझं कोण वाहणार?

किन्हवलीवरून सरळगाव आणि पुढे मुरबाड. शाई आणि काळू या नद्या लागतात, दोन्हींवर धरणांचे बेत बरीच वर्षं चर्चेत आहेत. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून निघालेला रस्ता गावातून पुढे माळशेज घाटाकडे जातो, त्यावर एमआयडीसीतल्या कामगारांची आणि भाजीच्या गाड्यांची रहदारी. दक्षिणेला सिद्धगड, जिथे २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. गावात कुंभारांची चौकशी केली तेव्हा एकाने गणपतीच्या कारखान्याचा पत्ता दिला. ते खरंच आहे. बऱ्याच कुंभारांची पुढची पिढी मूर्तीकामात गेली. तिथे रोख पैसा आहे, आणि मुलगी देताना लोक विचारतात तेव्हा सांगायला मूर्तिकार हा शब्दही बरा.

म्हसा मुरबाड-कर्जत रस्त्यावर. खांबलिंगेश्वराची जत्रा गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध. बैलांच्या दावणी लांबवर पसरलेल्या, शिंगांना रंग, दलालांचे हात रुमालाखाली. पुढे घोंगड्या, बांबूच्या टोपल्या, शेतीची अवजारं, हातोलीची मिठाई. मातीच्या भांड्यांची रांगही होती. तीत गावचा माल थोडा. धारावीच्या कुंभारवाड्यातला, म्हणजे मूळ सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांचा, आणि थेट गुजरातचा माल जास्त. दिसायला तो एकसारखा, नक्षीदार, आणि माठाला पितळी रंगाची तोटी. बायका तोटी पाहून माठ घेत होत्या. मीही घेतला असता.

चिलीम मला भांड्यांच्या रांगेत दिसलीच नाही. ती सापडली रुद्राक्ष, शंख आणि भस्म विकणाऱ्याकडे. साच्यात काढलेली, कडेने जोड दिसणारी, अंगावर त्रिशूळ. विकत घेणारे दोघं कॉलेजची पोरं होती. विक्रेत्याने माझ्याकडे पाहून त्यांना ती घाईने कागदात गुंडाळून दिली.

चिलमीचा आजचा मुक्काम हा असा. तंबाखूने तिला सोडलं, गांजाने धरून ठेवलं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा बाळगणं आणि ओढणं गुन्हा आहे, त्यामुळे चिलीम घेणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात आणि कुंभार ती उघड्यावर मांडत नाही. किन्हवलीकडच्या बाबांनाही अधूनमधून मागणी येते ती त्र्यंबकेश्वरकडच्या व्यापाऱ्याची. तिथे शैव आखाडे आहेत, दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. मागचा २०१५ चा, आता पुढचा २०२६-२७ चा. नागा साधूंना हातची चिलीम पसंत, असं व्यापारी सांगतो. तिकडे इटलीतले कारागीर हिप्पींच्या काळात भारतातून चिलीम घेऊन गेले आणि आज तिथे ती घोटीव, चकचकीत होऊन शौकिनांना भारी किमतीला विकली जाते, हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, “भोक कितकं ठेवतात?” मला सांगता आलं नाही.

चिलीम गेली याचं मला दुःख नाही. निखाऱ्यावरचा धूर छातीत खोल ओढायचा, दिवसातून आठ-दहा वेळा, यात हळवं होण्यासारखं काही नाही. परळच्या टाटा रुग्णालयाच्या आवारात एक सकाळ काढली की तंबाखूविषयीची उरलीसुरली रसिकताही संपते. पण चिलीम गेली म्हणून तंबाखू गेली, असंही झालं नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ सुमारे सहा टक्के निघाले आणि तोंडात तंबाखू धरणारे सुमारे चोवीस टक्के. चिलमीची जागा विडीने घेतली आणि विडीची पुडीने. म्हशाच्या जत्रेत पायाखाली ज्या रिकाम्या पुड्या येत होत्या त्यांना ना कुंभार लागतो, ना माती. व्यसन राहिलं, हुन्नर गेलं, हा सौदा मला वाईट वाटतो.

ते हुन्नर मात्र चिलमीपुरतं नाही. भोकाचा हिशेब ज्या बोटांना कळतो, त्याच बोटांची सुगडं काठाशी एकसारखी उतरतात आणि माठ झिरपतो पण गळत नाही. शहापूर-मुरबाडला जायचं तर दिवाळी ते होळी या दिवसांत जा. आवा पेटलेला बघायला मिळतो. किन्हवली, सरळगाव, मुरबाड या बाजूला कुंभारांची घरं विचारत गेलं की कोणीही दाखवतं. चिलीम मागू नका, बाबा लोक अवघडतात. माठ घ्या, तोटी नसलेला, आणि भाव करू नका.